तीन डॉक्टर, तीन बाटल्या

खासबाग, बेळगाव
जून १९४५

आक्का, तुझ्या पायावर डोकं ठेवून धाकटी लिवते.

आज दवाखान्यात सगळ्यात आधी आली वडगावची यल्लव्वा कोष्टीण, गरोदर सुनेला आणि औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या घेऊन! आपली नात जयवंता दोन जाणत्या डॉक्टरांसंगं एकाच दवाखान्यात बसते न्हवं, तर हिला वाटलं तिघांचंबी औषध घ्यावं लागतं. मी लई हसले. तू गुडघ्याला तेल लावतीस का गं?

थोरले डॉक्टर म्हणाले, "बाळंतपणाचं आमच्या जयवंताबाई बघतात."

"ही पोर? हिचं तरी लगीन झालंय का?" यल्लव्वानं विचारलं.

सुनेचं पहिलं मूल गेलेलं, आता पाय सुजलेले. पण सूनच म्हणाली, "आत्याबाई, पुरुषाला मी न्हाय दाखवणार."

जयवंतानं पडदा ओढून तपासलं आणि सांगितलं, जुळं हाय. थोरल्यांनी फिरून तपासलं न्हाय, आक्का! म्हणाले, "बाई म्हणाल्या म्हणजे जुळंच." जोखमीचं हाय, तेवढा देवापुढं दिवा लाव.

जाताना यल्लव्वानं विचारलं, "मंगळवारी येतो. बाई असतील न्हवं?"

तुझी रुक्मा