स्मार्ट मीटर आणि सातपाटीचा बर्फ

२ मार्च, सकाळी १०
कंपनीतून महिनाभर बिनपगारी रजा. मी राजीनामाच फेकणार होतो, पण मॅनेजर मेहुलभाई म्हणाला, रजा घे, एक तारखेला वाटलं तर परत ये. माझ्याशिवाय स्टोअर चालणार नाही हे त्यालाही कळतं.

धंदा ठरला. स्मार्ट मीटर. वीजबाजार खुला होतोय. दिवसा वीज स्वस्त, संध्याकाळी महाग, आणि मीटर दर अर्ध्या तासाचा वापर दाखवतं. तो आलेख वाचून लोकांना शहाणं करायचं, फी घ्यायची. मी दोन तासांचा वेबिनार केलाय. बोईसरपासून घिवलीचं अणुवीज केंद्र ते किती लांब? आणि इथे लोकांना बिलाची मागची बाजू वाचता येत नाही.

उन्नतीची अट : ३१ तारखेपर्यंत एका तरी गिऱ्हाइकाची सही आण, नाहीतर एक तारखेला मुकाट कंपनीत. दवाखान्यात केसपेपर काढणारी बायको मला बिझनेस शिकवते.

६ मार्च
सातपाटी. मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना. मीटर आहे, वाचणारा नाही. म्हणजे माझीच वाट बघत होते.

चेअरमन रत्नाबाई मासळीची टोपली शेजारी ठेवूनच मीटिंगला बसली. मी स्लाइड्स दाखवल्या. मशीन सकाळी नऊ ते पाच, संध्याकाळी बंद, होड्यांनीही त्याच वेळात यावं. बाई म्हणाली, "आमच्या होड्या भरती बघून येतात. तुजं टाइमटेबल दर्याला दे. त्यो आयकला तर आमी पण आयकू." बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. अडाणीपणाला औषध नाही. तरी बाई पाघळलीय. पुढच्या भेटीत सही.

९ मार्च, दुपारी १.३०
आज सातपाटीला जाणार होतो. ऊन फार. घरूनच स्ट्रॅटेजी. एसी १८ वर. डोकं तापलं की स्ट्रॅटेजी होत नाही.
उन्नतीला संध्याकाळी सातपाटीच सांगणार. मनाने तिथेच आहे.

११ मार्च
आमच्याकडे स्मार्ट मीटर बसलं. कनेक्शन उन्नतीच्या नावावर, म्हणून ॲप तिच्या फोनवर. आलेख कसा वाचायचा ते तासभर शिकवलं. तिला पाच मिनिटांत कळलं, पण मी पूर्ण शिकवलं. शेवटी म्हणालो, माणूस खोटं बोलेल, मीटर नाही. वाक्य छान जमलंय. व्हिजिटिंग कार्डावर टाकतो.

१७ मार्च, दुपारी २
सफाळ्याच्या भातगिरणीवाल्या पुंडलिकला फोन. म्हणाला, "मीटर फुकट बसवून गेले. तुमी आणखी काय बसवणार?" म्हटलं, मी ज्ञान देतो. फोन कट. सफाळ्याला रेंजची बोंबच आहे.
एसी १८. डुलकी नाही, चिंतन.
उन्नतीला सांगायचं : सातपाटीची बोलणी नाजूक टप्प्यावर.

२३ मार्च
उन्नतीने विचारलं, आपल्या घरी रोज साडेअकरा ते चार एवढी वीज कोण खातं? म्हटलं, फ्रिज. ती म्हणाली, "फ्रिज रविवारी सुट्टीवर असतो का?" रविवारी ती घरी असते.
मीटर सदोष आहे. तक्रार करायला हवी. आणि तत्त्वाचं बोलायचं तर मी वापरली ती स्वस्त वेळेतली वीज.

२६ मार्च
उन्नती रजा टाकून सातपाटीला गेली. म्हणे मासळी आणायला. बोईसरला मासळीचा दुष्काळ पडलाय का? रत्नाबाईने तिला सांगितलं, "तुजा घरवाला एकदाच आला. परत काय दिसला नाय." बायकांच्या पोटात काही राहत नाही.

मग दोघींनी तिथींचं कॅलेंडर आणि कारखान्याचा आलेख शेजारी शेजारी ठेवला. भरतीची वेळ तिथीवर ठरते, म्हणून होड्या कधी सुटणार ते आधीच कळतं. मग बर्फ आदल्या दुपारी पाडायचा, कोठीत भरून ठेवायचा, संध्याकाळी मशीन बंद. होड्या आपल्या भरतीलाच. यात काय मोठंसं? मी हेच सांगणार होतो.

३१ मार्च, दुपारी १२
सही झाली. सोसायटीची, वर्षभरासाठी, मुदतीच्या आत. करारावर नाव उन्नतीचं, पण तिचा गुरू कोण? म्हटलं, अट पूर्ण, गिऱ्हाईक मिळालं. ती म्हणाली, "मला मिळालं." आणि सातपाटीला कामाला निघून गेली.
मेहुलभाईला फोन केला. ये म्हणाला. स्टोअर आता हेतल नावाची कोणीतरी बघते, महिन्याभरात सगळं जागेवर लागलंय म्हणे. मला डिस्पॅचला बसवणार. बढतीच म्हणायची.

दुपारी २
शेवटची मोकळी दुपार. एसी १८.

दुपारी २.४०
उन्नतीचा मेसेज, सातपाटीहून : "फ्रिजला सांग, उद्या साडेसहाला कंपनीची बस आहे."
एसी बंद केला. मीटर बरोबर आहे.