लॉन्ड्रीतला रविवार

प्रिय ऑर्विल,

मी ठणठणीत आहे. गुडघ्याचं विचारू नकोस.

आठवडाभर लॉजच्या खोल्या आवरते आणि रविवारी सकाळी नऊला इथल्या राष्ट्रीय उद्यानात प्रार्थना घेते, हे तुला ठाऊकच आहे. तीन रविवार कोणीच आलं नाही. चौथाही रिकामा गेला तर प्रार्थना बंद करू, असं मिशननं बजावलं होतं. आज प्रार्थनेच्या बाकांपाशी रानगवा ठाण मांडून बसला, म्हणून रेंजरनं मला हाकललं. मी तडक लॉजच्या लॉन्ड्रीत गेले आणि प्रार्थनेला कोणी का येत नाही, ते विचारलं.

तिथली रेनाटा म्हणाली, "आर्डिसबाई, नऊला आम्ही चादरींत बुडालेल्या असतो. तुमचा देव फक्त पाहुण्यांचाच का?"

चूक माझी होती. चादरींच्या घड्या घालत प्रार्थना केली. अकरा जणी होत्या. मिशनला आकडा कळवला आहे, जागा कळवलेली नाही.

वेळेवर जेवतोस ना?

तुझीच,
आर्डिस