विहीणबाईंचा कोट

सोमवार, ४ मे

विहीणबाई चालल्या डोंगरावर! पोरगा, सून, दोन्ही नातवंडं आणि सुनेची आई — खालच्या मजल्यावर राहते ती. मला कुणी विचारलं? नाही. जेवताना पोरगा नुसता सांगून मोकळा झाला, "वरचं ते राष्ट्रीय उद्यान बघायला जातोय, जूनच्या शेवटी. बर्फ वितळला की रस्ता उघडतो." म्हटलं, जा की. डोंगर काय पळून जातोय?

मग सून म्हणते, "आईला जाड कोट लागेल. तुम्हीच शिवाल ना?"

शिवीन. चौथीतून उठून मशीनवर बसले ती अजून उठले नाही. अख्ख्या गल्लीला शिवलं, त्या बाईलाही शिवीन.

मंगळवार, ५ मे

विहीणबाई माप द्यायला आल्या. टेप लावला तरी तोंड बंद नाही. "तिथं हवा विरळ असते म्हणे! आधी दोन दिवस खालच्या मुक्कामात नुसतं पडून राहायचं, म्हणजे अंगाला सवय होते." पडून राहायला एवढं लांब कशाला जायचं?

कंबर मापली. टेप पुरला, एवढंच.

शनिवार, ९ मे

रोज संध्याकाळी माझ्याच टेबलावर नकाशा पसरतात. माझी कात्री बाजूला सारून! कुठं थांबायचं, परवान्यात कुणाकुणाची नावं. नातू विचारतो, "रानबकरे दिसतील?" तर विहीणबाई, "दिसतील रे राजा, मी दाखवीन ना!" ही दाखवणार! चष्म्याशिवाय हिला सुईचं भोक दिसत नाही.

पोरगा म्हणाला, एका उंचीवर झाडं संपतात. एक शेवटचं झाड असतं. पुढं नुसतं गवत आणि दगड.

मी कुणाच्या तरी सदऱ्याला बटणं लावत होते. हात थांबला. कापडाला काठ असतो तसा रानाला काठ? तिथं उभं राहिलं की कसं वाटत असेल?

विचारलं नाही. उगाच.

मंगळवार, १२ मे

कोट बेतला, कच्चे टाके घातले. कॉलर कशी बसते ते बघायला स्वतःच घालून बघितला — माझ्याकडे पुतळा कुठाय? पाठीत ढगळ वाटला. घेतला आत.

गुरुवार, १४ मे

परत घातला. बाह्या लांब. कमी केल्या. बाजूनंही जरा घेतला.

विहीणबाई नवे बूट घालून जिना चढ-उतर करतात. सराव! अख्खी इमारत हादरते. आणि वरून माझा पोरगा — "शाब्बास, आई!" तिला आई म्हणतो. म्हणू दे. सासूला दुसरं काय म्हणणार?

मशीनचा दोरा आज सारखा तुटत होता.

रविवार, १७ मे

अस्तर लागलं, काजं झाली. आरशापुढं उभी राहिले. छान बसतो.

सोमवार, १८ मे

वाटोळं! विहीणबाईंनी कोट चढवला तर बटणं काजांपर्यंत पोचेनात. हात पुढं केले तशी पाठीची शिवण कुरकुरली. आणि आत घेता घेता मी शिवणीतली माया सगळी कापून टाकलेली — उसवून वाढवायला काही उरलंच नाही! सून बघतेय, पोरगा बघतोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहीणबाईंनी कोट काढला आणि माझ्या अंगावर चढवला. गपकन बसला. "अगंबाई!" म्हणाल्या आणि पोट धरधरून हसायला लागल्या.

पोरगा म्हणाला, "आई, तुला यायचं होतं का?"

आणि मी काय म्हणावं? "मला नकोत असले थेर!" तोंडाला सवयच लागलीय मेली.

पोरं गेल्यावर विहीणबाई मागं राहिल्या. चहा ओतता ओतता मी म्हटलं, तुमचं बरंय, जावई विचारतो तरी.

"विचारतो? अहो, मला कोण विचारतंय! मीच म्हटलं, मी येणार. त्या दोघांची तोंडं बघायला हवी होती तुम्ही! तुमचंही नाव काढलं होतं मी. तर जावईबापू म्हणाले, आमच्या आईला असलं काही आवडत नाही."

आवडत नाही! कुणी सांगितलं त्याला?

मीच. जन्मभर.

चहा तसाच निवला.

मंगळवार, १९ मे

पोरगा दात घासत होता तिथंच जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला यायचंय. ते शेवटचं झाड बघायचंय. त्यानं तोंडातला फेस थुंकला. मग म्हणतो, "अगं, पण जीपमध्ये जागा—" म्हटलं, आम्ही दोघी विहिणी चिकटून बसू, धाकट्याला मांडीवर घेऊ. परवान्यात माझं नाव घाल.

दुपारी नवं कापड आणलं. विहीणबाईंची कंबर परत मापली. एवढे जिने चढून तेवढीच! बरं वाटलं.