ठकीचं मळकं पान

१२ जून

चि. ठकीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

आई जाऊन तीन महिने झाले. एकटीनं राहण्याचा हट्ट आता पुरे. साधा बल्ब बदलायचा तर तू कुणी येईपर्यंत अंधारात बसतेस. मी इथे मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे, आणि महिनाअखेर जागा रिकामी होईल असं तुझ्या घरमालकांना कळवूनही टाकलं आहे.

लहानपणी आपण ती जाडजूड कादंबरी खेळायचो, आठवतं? तू कायम मामांच्या आश्रयाला राहणारी नायिका, पलंगावर पडून उसासे टाकणारी. मी तिची मैत्रीण, गरिबीतून चढत चढत थेट दरबारात पोचणारी. त्या भूमिका काही उगाच आपल्या वाट्याला आल्या नव्हत्या. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस, फक्त बॅग भर.

लोभ आहेच, उत्तराची गरज नाही.

ताई

२० जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

गरज नसताना उत्तर देते आहे, राग नसावा. घरमालक तुझं पत्र घेऊन दारात आले होते.

गेला महिनाभर मी वाचनालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायला जाते आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू मोडता घातला असतास. सुटलेली पानं शिवायची, पाठीला कापड लावायचं, खळ वाळेपर्यंत वजनाखाली ठेवायचं. गेल्या आठवड्यात नेमकी आपली कादंबरी हाती आली. वाचकांना काय आवडलं ते पानांच्या कडा सांगतात. तुझ्या बाईची पानं बोटं लागून लागून मळलेली, माझ्या नायिकेची कोरी करकरीत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग शेवटाकडे तिचं एक पान सापडलं. अख्ख्या पुस्तकात सगळ्यात मळकं, कोपरा दुमडून दुमडून तुटलेला. त्या पानावर ती मामांना पहिल्यांदा नाही म्हणते. चारशे पानं लोक तिच्या तोंडून तेवढंच ऐकायला थांबले असणार. तो कोपरा मी पातळ कागदानं जोडला आणि तशीच घरमालकांकडे गेले. आईच्या नावचा भाडेकरार माझ्या नावावर करून घेतला. बोलताना आवाज कापत होता, सही मात्र ठळक केली.

तेव्हा मी येत नाही. बल्बही मीच बदलला. शेजारच्या काकांनी स्टूल धरलं, तेवढं माफ कर.

लोभ असावा, हुकूम नसावा.

ठकी

२ जुलै

चि. ठकीस, अ. आ.

दोन दिवस फणफणत होते. ऑफिसात चाळीस माणसं माझ्या शब्दाबाहेर नाहीत, आणि ठकीनं माझी बोलती बंद केली. तिसऱ्या दिवशी त्या रंगवलेल्या खोलीत जाऊन बसले. तिथे कुणी असण्याची गरज तुझ्यापेक्षा मलाच होती, ठकी. आई गेल्यापासून संध्याकाळी फोन करायला कुणी उरलं नाही. तुला आधार द्यायचं नाव केलं आणि मीच आधार शोधत होते. लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहिते.

आठ दिवसांची रजा मिळते आहे. मी आले तर चालेल का? असं विचारायची मला सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

लोभ असावा, आणि या वेळी उत्तराची गरज आहे.

तुझी ताई

५ जुलै

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

ये. पलंग तुझ्यासाठी मोकळा केला आहे, हवे तितके उसासे टाक. मी कामाला गेलेली असेन. किल्ली शेजारच्या काकांकडे ठेवते.

तुझीच,
ठकी