बऱ्या गाडीचा फोटो

बाबा, तुमचा पाय कसा आहे? उजवा, गुडघ्याखाली मोडलेला, थंडीच्या पहाटे ठणकायचा आणि तुम्ही त्याला शिव्या घालत उठायचात, तो. आईचा खोकला उतरला का? तिला चुलीपासून लांब बस म्हणून इथे किती सांगितलं, ऐकलं नाही. तिकडे तरी कुणाचं ऐकते का? आजीच्या डोळ्यात फूल पडलं होतं. आता दिसत असेल तर तिला विचारा, मी तिच्यासारखी दिसते का. इथे सगळे तसं म्हणतात. काकांचा दमा कसा आहे? आणि आपल्या बसगाडीची तब्येत? तीही तिकडेच असणार, इकडे तर तिचा पत्रासुद्धा उरलेला नाही. तिचे ब्रेक कसे आहेत? उतारावर काढण्याआधी एकदा दाबून बघा. रागावू नका. मुद्दामच विचारते आहे, सगळं पत्रच त्यासाठी लिहायला घेतलं आहे.

इकडे मी ठीक. साखर आहे, पण थोडी. गुडघे कुरकुरतात, तरी बसच्या पायरीवर कुणाचा हात न धरता चढते. तुमचा जावई तुम्हाला भेटला असेलच, पण हे वेड मला तो गेल्यावर लागलं, त्याला ठाऊक नाही, तेव्हा मीच सांगते. मी बसगाड्यांचे फोटो काढते. हो, बरोबर वाचलंत. उभ्या गाड्यांचे, धावत्या गाड्यांचे, धुतलेल्यांचे आणि चिखलाने माखलेल्यांचे. धारगळला आमच्या घरासमोरून हमरस्ता जातो. तो रुंद करायला घेतला तेव्हा आधी स्टॉपवरचं झाड गेलं, मग स्टॉप गेला, मग कुठली गाडी कुठे थांबते तेच कळेना. पेडण्याहून येणारी सकाळची गाडी उभी राहते ती जागा लक्षात राहावी म्हणून मुलाने दिलेल्या जुन्या फोनवर मी पहिला फोटो काढला. घरी येऊन बघितला आणि बघतच राहिले. गाडीच्या कपाळावर देवीचं नाव, त्याखाली अबोलीचा हार, काचेआड लटकलेलं लिंबू, आणि मागच्या दारात लोंबकळणारा कंडक्टर ‘म्हापशें, म्हापशें’ ओरडता ओरडता उघड्या तोंडाने तसाच थांबलेला. जन्मभर त्या गाडीत बसले बाबा, पण गाडी कधी बघितली नव्हती.

तेव्हापासून सुटत नाही. केरीला जाते ती समुद्रावरच्या वाऱ्याने गंजलेली गाडी, डिचोलीची अजून तांबड्या धुळीने माखलेली, मोपाच्या विमानतळाची आवाज न करता मांजरासारखी अंगावर येणारी विजेची गाडी, सगळ्या माझ्याकडे आहेत. शेजारीण म्हणते, या वयात देवळात बसायचं तर ही बाई रस्त्यावर गाड्या मोजत उभी. मी म्हटलं, देवळात देव एक, इथे दर पाच मिनिटांनी नवा येतो, कपाळावर नाव लिहून. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मागच्या शुक्रवारी बाजाराला म्हणून म्हापशाला गेले आणि भाजी घ्यायच्या आधी स्टँडवर उभी राहिले. एक गाडी आली, पुढचं नाव हाताने रंगवलेलं, अक्षरांना पिवळी सावली दिलेली. मी फोन वर केला तोच ड्रायव्हर जनेलातून डोकं बाहेर काढून ओरडला, “आजये, फोटो कित्याक मारता गो? पोलिसांक धाडपाक?” हल्ली काही लोक गाड्यांच्या चुका टिपून पोलिसांकडे पाठवतात, त्यामुळे फोन दिसला की हे लोक बिथरतात. मी म्हटलं, “तुझ्या गाडीचं कपाळ बरं दिसतं म्हणून.” तो खाली उतरला, माझ्यापुढे उभा राहिला. “पयलीं डिलीट कर.” मी म्हटलं, “करत नाही जा. तुझ्याएवढा मुलगा आहे मला, तोही ड्रायव्हर, तोही असाच दटावतो. त्याचं ऐकत नाही, तुझं कुठलं ऐकू?” भोवतालचे हसले. मागून कुणीतरी म्हणालं, “काडूं दी रे, फोटो बरो आयलो जाल्यार लग्न तरी जुळतलें तुजें!” तेव्हा कुठे त्याच्या कपाळावरची आठी मोडली. कंडक्टरला म्हणाला, “तो टॉवेल काड रे आरश्यावयलो,” आणि स्वतः पोट आत ओढून गाडीला टेकून उभा राहिला. मी फोटो काढला. त्याला दाखवला. त्याने अंगठ्याने मोठा करून अक्षरं बघितली, म्हणाला, मामाने रंगवलीत. आणि मग हळूच, कुणी ऐकू नये असं, “आजये, दिश्ट लागची ना मगे?”

बाबा, त्या पोराच्या तोंडून मला तुमचा आवाज ऐकू आला. भाजी न घेताच घरी आले.

तो दिवस आठवा. मी सातवीत आहे. शाळेत वर्गाचा फोटो काढायला म्हापशाहून फोटोग्राफर आला आहे, तुमच्याच गाडीने, तिपाई चादरीत गुंडाळून. फणसाच्या झाडाखाली आम्ही ओळीने बसलो, डोळे मिटायचे नाहीत म्हणून श्वाससुद्धा घेतला नाही. मग तो परतीच्या गाडीची वाट बघत बसला. गाडी आली. शिरगावच्या जत्रेसाठी तुम्ही तिला नवा रंग दिला होता, निळा आणि पांढरा. तुम्ही समोरच्या हॉटेलात चहाला गेलात. मी फोटोग्राफरला म्हटलं, आमच्या गाडीचा एक काढाल? तो म्हणाला, रोलात एकच उरलाय. मी धावत जाऊन दाराच्या दांडीला धरून उभी राहिले. तो म्हणाला, “तू बाजूला हो गो, गाडी मावना.” मी बाजूला झाले, पण पुरती झाले नाही.

मंगळवारी पाकीट आलं, त्यात दोन फोटो. तुम्ही दुपारी जेवायला घरी आला होतात, माशांचं हुमण आणि भात. मी मोठ्या मिरवणुकीने गाडीचा फोटो तुमच्या ताटाशेजारी ठेवला. तुम्ही हात धुतलात, पुसलात, फोटो उचललात, आणि खूप वेळ बघितलात. तो वेळ मी विसरलेले नाही. तुम्हाला तो आवडला होता. मग तुम्ही म्हणालात, “गाडीचो फोटो पोलीस काडतात, मोडल्यार. बऱ्या गाडीचो फोटो कोण काडता गो?” तुमच्या धंद्यात तसंच होतं, मला ठाऊक नव्हतं. गाडीसमोर कॅमेरा उभा राहायचा तो पंचनाम्यालाच. “चुलीत घाल,” म्हणालात. मी चुलीजवळ गेले. तुम्ही उंबऱ्यातून वळून बघितलंत, जाळ उठला तो तुम्हाला दिसला.

चुलीत गेला तो वर्गाचा फोटो, बाबा. गाडीचा नाही. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

आणि शुक्रवारी बाजाराची गाडी अस्नोड्याच्या अलीकडच्या उतारावर गटारात गेली. एका अंगावर कलंडली. कुणाचा जीव गेला नाही. एका बाईच्या कोंबड्या सुटून रानात पळाल्या त्या मात्र गेल्याच, ती कितीतरी वर्षं तुम्हाला वाटेत गाठून कोंबड्यांची आठवण करून द्यायची. तुमचा पाय मोडला. पंचनाम्याला पोलिसांनी म्हापशाहून फोटोग्राफर आणला, आणि तो तोच होता. मी आईबरोबर तिथे गेले होते. त्याने मला ओळखलं आणि मान खाली घालून तिपाई उभी केली. निळा-पांढरा रंग अजून ओला वाटावा इतका नवा होता.

त्यानंतर गाडी विकली, तुम्ही खाणीवर दुसऱ्याचा ट्रक चालवू लागलात, माझी शाळा सुटली. पुढचं वाचायला-लिहायला मी पुड्यांच्या कागदांवरून आणि गाड्यांच्या पाट्यांवरून शिकले, ते सांगायचं कारण नाही. सांगायचं ते दुसरं. घरी कुणीही आलं की तुम्ही सांगायचात, “चेडवान गाडीचो फोटो घरांत हाडलो, आनी तीन दिसांनी गाडी गेली.” हसत सांगायचात, पण सांगायचात. माझ्या लग्नात आत्या मोठ्याने म्हणाली, “हिका फोटोग्राफरापसून पयस दवरा, ना जाल्यार न्हवरो मोडटलो!” मांडव हसला. मीही हसले. गाडी मोडणारी मुलगी म्हणून मी सासरी आले.

आता ऐका. बुधवारी संध्याकाळी, म्हणजे मंगळवार आणि शुक्रवारच्या मधल्या बुधवारी, गाडी दुरुस्त करणारा मेस्त गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत तुम्हाला म्हणाला, “पात्रांव, ब्रेक दाबल्यार पाय सकल वता. दोन दीस गाडी दवर.” ब्रेक पकडतच नव्हता, पाय थेट तळाला जात होता. तुम्ही म्हणालात, “शुक्रवारचो बाजार जांव दी.” मी चहाची किटली घेऊन तुमच्या मागे उभी होते. तुम्ही मला बघितलं नाहीत. मेस्ताने बघितलं. तोही पुढे कधी बोलला नाही, आणि मीही.

गाडी फोटोने गेली नाही, बाबा. ब्रेकने गेली. कॅमेऱ्याने आजवर एकही गाडी गटारात घातलेली नाही, आणि मी तुमच्या गाडीचं काहीही वाईट केलेलं नाही. मी तिच्यावर जीव टाकला होता, एवढंच केलं होतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण तुम्ही खाटेवर पाय टांगून पडला होतात आणि तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्या वेळी तुम्हाला कशाला तरी धरून उठायचं होतं, आणि हाताशी मी होते. धरलंत, बरं केलंत. तेवढी ताकद माझ्या खांद्यात होती. पण उठल्यावर सोडायला हवं होतंत. आणि ठाऊक नव्हतं असंही म्हणू नका. खाणीवरचा ट्रक सुरू करण्याआधी तुम्ही रोज तीनदा ब्रेक दाबून बघायचात, तोंडाने मोजत, एक, दोन, तीन. मी दारातून ऐकायचे. फोटोवर विश्वास असलेला माणूस ब्रेक मोजत नाही.

तुमचा नातू ड्रायव्हर झाला. मी नको नको म्हटलं, पण तुमचं रक्त. पेडणे–म्हापसा लाईनवर त्याची स्वतःची गाडी आहे. सकाळी चहाचा कप हातात देताना मी एवढंच विचारते, ब्रेक बघितलास? तो म्हणतो, “बघितले गे आई. आधी देव, मग ब्रेक.” मी म्हणते, आधी ब्रेक. आता त्या गाडीचं वय झालं, कायद्याने ती रस्त्यावर चालणार नाही. शनिवारची सकाळची फेरी शेवटची, रविवारी भंगारवाला येणार. पुढे तो विजेची गाडी चालवायला जाणार आहे. महिनाभर म्हणतो आहे, “आई, सगळ्या गोंयच्या गाड्यांचे काढलेस, माझ्या गाडीचा एक काढ ना.” मी म्हणते, आज ऊन समोरून आहे. मी म्हणते, गाडी धुऊन आण. त्याने तीनदा धुऊन आणली. काल जेवताना खाली मान घालून म्हणाला, “वाईट दिसते काय गे माझी गाडी?” मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

तर हे कबूल करते, आणि तुमच्याशिवाय कुणाकडे करणार. स्टँडवर ड्रायव्हरांना उलट उत्तरं देणारी, देवाची बस आणि बसचा देव करणारी मी, माझ्या पोटच्या मुलाच्या गाडीसमोर फोन वर करते आणि माझा हात तिथेच थांबतो. सगळं ठाऊक असून थांबतो. त्या म्हापशाच्या पोराला मी छातीठोक सांगितलं, फोटोने काही होत नाही. आणि तो गाडीत चढल्यावर त्याच्या पाठीमागे हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. कडकड मोडली, बाबा.

पण शनिवारी मी काढणार. आमच्या घरासमोर, जिथे झाड होतं तिथे उभी राहून. गाडी धुतलेली असेल, ब्रेक मी स्वतः चढून दाबून बघितलेले असतील, तीनदा, आणि मुलगा सीटवर असेल. धडधाकट गाडीचा, धडधाकट ड्रायव्हरचा फोटो. तुमच्या गाडीचा जो फोटो आहे ना, निळा-पांढरा रंग त्यात नुसता करडा दिसतो, पण दाराच्या दांडीजवळ एक कोपर आहे. माझ्या लहानपणाचं माझ्याजवळ तेवढंच आहे. शनिवारच्या फोटोत मी पुन्हा कोपर थोडं आत येऊ देणार आहे, मुद्दाम.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? त्याच जुन्या पाकिटात घालून ठेवते, तुमच्या गाडीच्या फोटोमागे. तिथून तुम्हाला सापडेल तर बघा. फोटो काढू नको असं म्हणायचं असेल तर म्हणा, मी ऐकणार नाही. काढ म्हणायचं असेल तर मात्र उत्तर लवकर धाडा. शनिवारच्या आत धाडा.