पाणमांजराचा अहवाल

ता. ४

चि. धाकट्यास,
काकाचे अ. उ. आ.

तुझे नदीकाठचे उद्यान पाहून परवा परतलो. पुतण्या तेथील अधिकारी, म्हणून कौतुक करायचे योजले होते. प्रत्यक्षात किळस घेऊन आलो. धक्क्यावर चिप्सची पाकिटे, पाण्यावर तेलाचा तवंग, आणि तुझा नावाडी बादलीतली कोंबडीची सडकी आतडी दाखवून पाणमांजराला नावेपाशी बोलावतो. लोक फोटो काढतात. आमच्याच नावेत ते एका मुलीच्या अंगठ्याला चावले. आता ते 'विनाकारण हल्ला करणारे' ठरवून मारण्याचा अहवाल तू लिहितो आहेस, असे तुझी आई सांगते. कारण बादलीत होते. ते वगळून काढलेला निष्कर्ष सदोष आहे, आणि लिहिणारा लबाड.

तुझी काकू म्हणते, पत्र फार कडू झाले. झाले असेल.

रागासकट लोभ आहेच.
काका

ता. ९

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोहोचले. आई म्हणाली, तुझ्या काकांना घरात फुकट ठेवले, कोर्टात पाठवायला हवे होते. खरे लिहिले तर नावाड्याची नोकरी जाईल आणि माझी बदली होईल, म्हणून कचरतो आहे.

आणखी एक. मुलीच्या वडिलांनी फोटो दिले आहेत. एकात पाणमांजराला बिस्किट भरवणारा हात दिसतो. मनगटावर घड्याळ उलटे बांधलेले. ते पाहूनच मुलीने रिकामा हात पुढे केला. तो हात कोणाचा, हे वरिष्ठांना ठाऊक नाही. अहवाल पंधरा तारखेला द्यायचा आहे. तुम्ही सांगाल तसे करीन.

काकूंना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
धाकटा

ता. १२

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हात माझा. पहिले पत्र लिहिताना मला ते आठवत होते, आणि मी वगळले. तुला लावलेले विशेषण आधी मला लागू होते.

सही केलेला जबाब सोबत आहे: जनावराला माणसांनीच हाताशी यायला शिकवले, शिकवणाऱ्यांत मी एक. तो अहवालाचे पहिले पान म्हणून लाव. मग त्याला मारा असे कोणी लिहून दाखवावे. मुलीच्या वडिलांना वेगळे लिहिले आहे. बदली झालीच, तर सामान बांधायला आम्ही दोघे येऊ.

बिस्किट घेताना त्याच्या ओल्या मिशा माझ्या बोटांना लागल्या, तेव्हा मला फार आनंद झाला होता. आज किळस येते ती त्या आनंदाची.

तुला चालत असेल, तर लोभ ठेव.
काका