वरचं बटण

मंगळवार, ७ जानेवारी

माझ्या छातीवर मूल झोपलंय. आत्ता, हे लिहिताना! डाव्या हाताने त्याला धरलंय, उजव्याने लिहितेय. म्हणून अक्षर असं मुंग्या चालल्यासारखं.

नीट लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

मी इथे आले ती चादरींसाठी. मुलींच्या वसतिगृहात जन्मभर मेट्रन होते. निवृत्त झाल्यावर संस्थेने विचारलं, वर्षभर आमच्या दवाखान्यातल्या कपड्यांकडे बघाल का? आले. चादरी, अभ्रे, लंगोट – उकळा, वाळवा, घड्या घाला. नर्स मुली मला धुणंमावशी म्हणतात. सुरुवातीला राग आला होता, इतकी वर्षं ‘मॅडम’ ऐकलेले कान! आता निमूट ओ देते.

सकाळी मोठ्या नर्सबाई धुण्याच्या खोलीत आल्या. “मावशी, कोपरापर्यंत हात धुवा. आणि ब्लाउजची बटणं काढा.”

“काय?”

“बाळ आहे. दिवस भरायच्या आधी आलंय. आईचा रक्तदाब चढला, झटके आले. बेशुद्धच नेलं तिला नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात. बाप तिच्याबरोबर गेला. आजी आहे, पण ती खोकतेय, तिच्याजवळ द्यायचं नाही. माझ्या पोरींना अख्खा वॉर्ड आहे. राहिलं कोण? तुम्ही.”

“अहो, चादरींचा डोंगर पडलाय!”

“चादरी मरत नाहीत, मावशी.”

मी म्हटलं, मग ती काचेची पेटी? बाळांना उबेत ठेवायची? देणगीतून आलेली आहे की! नर्सबाईंनी नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. इथल्या लहरी विजेवर ती पेटी चालत नाही, म्हणून माझ्या खोलीत पडून असते. आणि धूळ लागत नाही म्हणून मी तिच्यात उशांचे अभ्रे ठेवते!

वॉर्डात गेले, काढली बटणं. शाळेत सिस्टर रोज सकाळी रांगेत उभं करून गळ्याचं बटण तपासायच्या. वरचं बटण उघडं म्हणजे दिवसभर तोंड दाखवायची सोय नाही. तेव्हापासून मी ते कधी उघडं ठेवलेलं नाही. आज भर वॉर्डात, चार बायांसमोर!

नर्सबाईंनी त्याला आणलं. डोक्यावर लोकरीची टोपी, बाकी नुसता लंगोट. माझ्या उघड्या छातीवर बेडकासारखा पालथा ठेवला, वरून फडक्याने मला आणि त्याला एकत्र बांधून टाकलं. साखरेच्या पुड्याएवढं वजन. पाठीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतलं सगळं दिसतंय.

हललेच नाही मी. श्वास घ्यायचीसुद्धा भीती वाटली.

“श्वास घ्या की!” नर्सबाई ओरडल्या. “तुमचा ऐकूनच तो घ्यायला शिकणार आहे.”

बुधवार, ८ जानेवारी

त्याचं नाव पुडा पडलं. खरं नाव आई शुद्धीवर आल्यावर ठेवणार, असं आजीबाईंनी बजावलंय. दाराशी स्टुलावर बसून असतात. तोंडावर पदर, आत खोकला, डोळे माझ्या छातीवर. माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत.

दूध शेजारच्या खाटेवरची जुळ्यांची आई देते. नळीतून थेंब थेंब. ती म्हणते, “माझ्या दोघांना पुरून उरतंय, म्हशीला मागे टाकलंय मी!” सगळा वॉर्ड हसला. आजीबाईही हसल्या, पदराआड. लगेच खोकला आला.

नर्सबाईंनी माझी पावडर बंद केली. “त्याला माणसाचा वास हवा, दुकानाचा नको.” लहानपणापासूनची सवय माझी. आज मला माझाच वास आला. गंमत म्हणजे वाईट नाही!

शुक्रवार, १० जानेवारी

दुपारी तो थांबला.

श्वास थांबला त्याचा. मला आधी कळलंच नाही. इतका हलका श्वास, नसला तरी काय कळणार! पण छातीवरची ती बारीक धडधड मंदावली. कपाळ बघितलं – निळसर.

नर्सबाईंनी शिकवलेलं होतं. घाबरायचं नाही, तळव्यावर टिचकी मारायची. तळवा तो केवढा! माझ्या नखात मावेल. मारली टिचकी. काही नाही. पुन्हा मारली. “अरे पुड्या, अरे सोन्या!” मी मोठ्याने ओरडले असणार, कारण आजीबाई स्टूल पाडून उठल्या.

आणि मग त्याने श्वास घेतला. एक लांब, रागावलेला श्वास, झोपमोड केलेल्या माणसासारखा. कपाळ हळूहळू गुलाबी झालं. मी बघत राहिले. पहाट होताना बघावी तसं ते कपाळ बघितलं.

नर्सबाई धावत आल्या, कान लावला, म्हणाल्या, “करतात ही पोरं असं. विसरतात.”

श्वास घ्यायचा विसरतात!

बायकांच्या वॉर्डात रडायचं नाही असा माझा नियम होता. होता.

रविवार, १२ जानेवारी

दादाला फोन. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. घरातलं आता ते एकच माणूस उरलंय. ऐकू कमी येतं, म्हणून सगळं ओरडून सांगायचं. छातीशी पुडा, ओरडले तर तो दचकेल, आणि हळू बोलले तर दादाला ऐकू येत नाही. शेवटी ‘बरी आहे, कामात आहे’ एवढंच सांगितलं. तो म्हणाला, “जेवतेस ना?” दर रविवारी हेच विचारतो. मी शाळेच्या बोर्डिंगात गेले तेव्हापासून.

सोमवार, १३ जानेवारी

मी काय करून बसले!

सकाळी तासभर पुड्याला एका नर्स मुलीने घेतलं, मला आंघोळीला सोडलं. आंघोळ झाली, हात मोकळे होते, इतक्या दिवसांनी! मोकळे हात मला सोसत नाहीत. वॉर्डातून फिरून मळके कपडे गोळा केले. पुड्याच्या खाटेच्या उशाशी खिळ्यावर निळ्या चौकड्यांचा तो रुमाल होता, डोक्याला बांधायचा, आजीबाई रोज पुड्याखाली घालायला लावतात तो. घामट, कळकट. बाळाच्या इतक्या जवळ असलं काही? शी! उचलला. साबण, उकळतं पाणी, निळीचा हात. दोरीवर घातला तेव्हा कसा फडफडत होता! स्वतःवर खूश होते मी.

परत आले तर आजीबाई खिळ्यासमोर उभ्या. हात भिंतीवर.

“इथला कुठं गेला?”

“धुतला. वाळतोय.” आणि वर हसले!

त्या खाली बसल्या. नर्सबाईंनी सांगितलं. तो आईचा रुमाल होता. झटके आले त्या दिवशी तिच्या डोक्याला होता. रोज संध्याकाळी आजीबाई तो माझ्या आणि पुड्याच्या मध्ये, त्याच्या गालाखाली सरकवायला लावत होत्या. मला वाटायचं, माझ्या घामाची त्यांना किळस येते, म्हणून फडकं घालतात. तसं नव्हतं. आई कोण हे त्याने विसरू नये म्हणून.

“आम्हीच तुम्हाला सांगायला हवं होतं,” नर्सबाई म्हणाल्या. चांगल्या आहेत म्हणून.

तिकडे ती अजून शुद्धीवर नाही. नाहीच आली तर? तिचं इथे तेवढंच होतं. आणि ते मी उकळलं.

संध्याकाळी रुमाल घडी करून आजीबाईंपुढे धरला. त्यांनी नाकाला लावला. साबणाचाच वास. “छान निघालाय,” म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. तेच जास्त लागलं.

मंगळवार, १४ जानेवारी

आजीबाईंचं स्टूल रिकामं. रुमालही नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

आल्या! नदीपलीकडे गेल्या होत्या, मालाच्या ट्रकमध्ये बसून, त्या खोकल्यासकट. रुमाल लेकीच्या मानेखाली घालून दोन रात्री शेजारी बसल्या. आज सकाळी तो पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, असा जपून आणला. जणू आत पाणी आहे आणि सांडेल!

“घ्या. पुन्हा धुवाल तर बघा हां!” माझ्याशी बोललेलं पहिलं लांब वाक्य.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला, पण विचारपूस करून मग हो म्हणाल्या. रुमाल पुड्याच्या गालाखाली घातला. आता हे मी कोणाला सांगितलं तर हसतील – तो हुंगू लागला. तोंड उघडून, मान वळवून, शोधत! इतके दिवस पडेल तसा पडून राहणारा पुडा! एवढ्याशा कापडावर एक अख्खी बाई आली होती नदी ओलांडून. मी आणि आजीबाई दोघी बघत बसलो, तोंडं उघडी टाकून.

“शुद्धीवर आली का?” मी विचारलं.

“नाही. पण त्याचं नाव काढलं की बोट हलवते.”

“त्याचं नाव कुठे ठेवलंय?”

“पुडाच म्हटलं मी,” आजीबाई जरा लाजल्या.

रविवार, १९ जानेवारी

वजन वाढलं. फार नाही. नर्सबाई म्हणाल्या, साखरेत चमचाभर भर. मी अख्ख्या वॉर्डाला सांगत सुटले. जुळ्यांची आई म्हणते, “दूध माझं, मिरवताय तुम्ही!”

बुधवार, २२ जानेवारी

तिने डोळे उघडले!! बापाचा निरोप आला. तो गवंडी आहे, फोनवर नीट बोलताच आलं नाही त्याला, नुसता रडत होता. आजीबाई इतक्या खोकल्या, इतक्या हसल्या, नर्सबाईंनी त्यांना बाहेर काढलं.

मी पुड्याच्या कानात सांगितलं. मग शाळेतल्या प्रार्थनेची चाल गुणगुणत बसले. शब्द विसरलेय, चाल तेवढी छातीत आहे. त्याला तिथेच तर ऐकू येते.

आनंद झाला. झालाच. फक्त रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

ती आली. बापाच्या खांद्याला धरून, पावलं मोजत. एवढीशी मुलगी! माझ्या वसतिगृहात असती तर केस विंचरले नाहीत म्हणून मी ओरडले असते.

गाठी मी सोडल्या. मला आणि त्याला बांधणाऱ्या. शेवटची गाठ सोडायची ती आधी उलट घट्ट केली, नर्सबाईंनी न बघितल्यासारखं केलं. उचलून तिच्या छातीवर पालथा ठेवला. मला भीती होती, रडेल, माझ्याकडे यायला बघेल. खोटं कशाला लिहू, थोडी आशाही होती.

नाही रडला. नाक फिरवलं, एकदा, दोनदा – आणि सरळ चढू लागला! ती चिमटीएवढी पावलं रेटत, स्वतःच्या बळावर, दुधाकडे. कोणी शिकवलं? सगळा वॉर्ड माना उंचावून बघत होता. जुळ्यांची आई तर अर्धी खाटेबाहेर.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमच्यासारखा वास येतोय त्याला.” आणि पुन्हा त्याच्या टोपीवर नाक ठेवलं. तो वास पुसायला नाही गेली.

आजीबाई म्हणाल्या, “बटण लावा, बाई. गार वारा आहे.”

शुक्रवार, ३१ जानेवारी

छाती थंड पडलीय. स्वेटर घातला तरी. दिवसभर चादरी. डोंगर केला होताच त्यांनी.

त्याला काहीही आठवणार नाही. तीन आठवडे, आले आणि गेले. तसंच असायला हवं.

रविवार, २ फेब्रुवारी

दादाला फोन. आज हात मोकळे, घसाही मोकळा. सगळं ओरडून सांगितलं, बटणासकट.

तो हसला. “अगं, तू तरी वेगळी कुठे वाढलीस?”

“म्हणजे?”

“तूही अशीच अर्धवट आलेली. आई त्याच रात्री गेली. आपल्याकडे धुण्याला यायची ना ती – तिचं तान्हं नुकतंच गेलं होतं – तिने तुला उचललं आणि पोलक्यात घातलं. महिनाभर काढलं नाही. दोरीवर धुणं घालताना पण तू आतच. मी काठीने कपडे वर सारून द्यायचो तिला.”

“मला कधी सांगितलं नाहीस!”

“तू विचारलंस कधी?”

“दादा, नाव काय तिचं?”

तो एकेक नाव घेऊन बघू लागला, स्वतःच खोडू लागला.

“नाव नाही गं आठवत. धुणंवाली म्हणायचो आम्ही.”

फोन ठेवला. अंगणातून नर्स मुलीने हाक मारली – धुणंमावशी! ओ द्यायला मला आज वेळ लागला.